गमछ्यावरचा हेडफोन

१

योगराज तुरकर सोमवारी सकाळी मिलमध्ये मेला, आणि दुपार व्हायच्या आत गावानं त्याच्या बायकोला गुन्हेगार ठरवूनही टाकलं. आमच्या ठाण्याला एवढी घाई कधी जमली नाही.

मी दुर्गेश्वरी बिसेन, सहायक फौजदार. माझी जीभ तिखट आहे. निवृत्ती जवळ आली, आता ती गोड व्हायची नाही.

तिरोडा रस्त्यावरच्या नंदलाल सेठजींच्या राइस मिलमध्ये मी पोचले तेव्हा एक लाइन धडधडतच होती. ती बंद करा म्हणून मला घसा फाडून ओरडावं लागलं. माणूस खड्ड्यात मरून पडलाय आणि इकडे पोत्यात तांदूळ पडतोय! मी दोन शिव्या घातल्या तेव्हा कुठे मशीन थांबलं.

योगराज या मिलचा मिस्त्री. धान खालून वर चढवणारा बादल्यांचा पट्टा असतो, त्याला हे लोक एलिव्हेटर म्हणतात. दुसऱ्या लाइनीचा एलिव्हेटर जाम झाला, म्हणून ती लाइन बंद करून योगराज तळाच्या खड्ड्यात उतरला. तो आत असतानाच कोणीतरी लाइन सुरू केली. पट्ट्यानं त्याला ओढून भिंतीवर आपटलं. पुढचं सांगत नाही.

डोक्याला आणि कानांना त्यानं गमछा घट्ट गुंडाळला होता. कोंडा उडतो म्हणून सगळेच बांधतात. त्या गमछ्यावर, दोन्ही कानांवर, काळा जाडजूड हेडफोन बसवलेला होता. बिनवायरचा. मी सगळीकडून फोटो काढले आणि मगच मयत बाहेर काढू दिली.

फाटकाशी बायांचा घोळका जमला होता. योगराजची आई सुमित्राबाई छाती पिटत होती. "हिनंच आणून देल्ला तो डबडा! कानावर झापड लावून पाठवलं माह्या पोराले मशीनवर! हिनंच खाल्लं त्याले!"

ही म्हणजे सून, गुंजन. बारीक चणीची, पदर कमरेला खोचलेला. घरकाम टाकून तशीच धावत आली असावी. सासूला तिनं उलट उत्तर दिलं नाही. गर्दीतून वाट काढत ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमी खरं सांगान का मले?"

"काय?"

"लाइन सुरू व्हाच्या आधी हूटर वाजला, तो त्याले ऐकू नाही आला म्हणतेत. माह्या हेडफोननं मारलं का त्याले?"

मी पंचनाम्याच्या कागदाकडे वळले. कारण त्या घडीला मलाही तेच वाटत होतं.

२

सेठजींच्या केबिनमध्ये दार लावलं की मशीनचा आवाज निम्मा होतो. त्यामुळे केबिनमधल्या माणसाला मिल जरा कमीच कळते, असं माझं मत आहे.

नंदलाल सेठ साठीतला. कपाळावर भस्म तसंच होतं. दर सोमवारी तो नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जातो. बातमी कळली तेव्हा देवळातच होता. पुजाऱ्यानंही नंतर तेच सांगितलं.

"देखो मॅडम, अपना आदमी था," सेठ म्हणाला. "पोरासारखा होता. लेकिन गलती तो गलती. मिलमध्ये फोन चालत नाही, फाटकावर जमा होतो. हूटरसुद्धा लावून दिला मी. आता कोणी कान बंद करून मशीनमध्ये घुसला तर मी काय करू?"

"हेडफोन चालतो?"

सेठ जरा चाचरला. "अब वो मिस्त्री था. त्याला कोण टोकणार!"

खुर्चीशेजारी त्याचा भाचा उभा होता. हिमांशू, चोविसेक वर्षांचा. नागपूरला शिकला आणि दिवाळीनंतर मॅनेजर म्हणून इथं आला. तो रुमालानं सारखे हात पुसत होता. त्याचं मला नवल वाटलं नाही. मयत पहिल्यांदा पाहणारा असं काहीतरी करतोच.

"आधी कोण पोचलं तिथं?"

"मीच, मॅडम. ओरडा ऐकून धावलो. तो पडलेला होता, कानावर हेडफोन. हलवून पाहिलं. हेडफोनमध्ये गाणं सुरूच होतं, बारीक आवाज येत होता. इतकं वाईट वाटलं ना, यार… सॉरी, मॅडम."

"कोणतं गाणं?"

"हिंदी काहीतरी. नीट लक्ष नव्हतं."

"फोन तर फाटकावर जमा होतात ना?"

सेठच मध्ये पडला. "लपवून नेतात, मॅडम. खिसे कोण तपासतं रोज?"

मी मान डोलावली. माणूस घाबरलेला असला की त्याला बोलू द्यावं, टोकू नये. तो आपण होऊनच जास्तीचं बोलतो.

"आणि लाइन सुरू कोणी केली?"

दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धानाच्या पोत्यावर एक माणूस गुडघ्यात मान घालून बसला होता. मंगरू, मिलचा दुसरा मिस्त्री. योगराजच्या आधीपासून इथं होता, तरी मुख्य मिस्त्री योगराजच झाला. त्यावरून दोघांची एकदा चांगलीच जुंपली होती, हे मला फाटकावरच समजलं होतं.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलंच नाही.

"मीच," तो म्हणाला. "मीच हूटर देल्ला, मीच लाइनचं हँडल वर केलं. मले घेऊन चाला, मॅडम."

३

झालं, प्रकरण मिटलं, असं आमच्या साहेबांना वाटलं. चुकून मशीन सुरू झालं, मेलेल्याचे कान बंद, सुरू करणारा कबूल. कागद रंगवा आणि मोकळे व्हा.

मी म्हटलं, साहेब, एक दिवस द्या. साहेब म्हणाले, बिसेन बाई, तुम्ही सरळ गोष्टीत गुंता करता. मी म्हटलं, गुंता मी करत नाही, तो असतोच.

हेडफोन टेबलावर ठेवून मी बसले. तांदूळ निवडताना खडा शोधतात तसा मी तो उलटसुलट करून पाहिला. कानावर बसणाऱ्या गाद्या चांगल्या मऊ होत्या. वापरून थोड्या चकाकल्या होत्या, पण घाम पुसून जपलेल्या दिसत होत्या. डोक्यावरून जाते त्या पट्टीच्या आतल्या बाजूला मात्र काळ्या ग्रीसचा बोटभर डाग होता, ओलसर. ताजा.

बाकी सगळी वस्तू स्वच्छ, आणि ग्रीस नेमकं डोक्याला टेकणाऱ्या जागी!

मग मी योगराजचा गमछा पाहिला. पांढरा, लाल काठाचा. कोंड्यानं माखलेला, एका बाजूला रक्त. माथ्यावर ग्रीसचा ठिपकासुद्धा नाही. पट्टीला आधीपासून ग्रीस होतं आणि ती बराच वेळ डोक्यावर होती, तर पांढऱ्या गमछ्यावर डाग नको का उतरायला? नुसती अलगद टेकवली असेल तरच तो उतरणार नाही.

मी मोबाइलमधले फोटो मोठे करून पाहिले. खड्ड्यात कोंडा पिठासारखा पडतो. योगराजच्या माथ्यावर, खांद्यावर, भुवयांवर त्याचा थर होता. एका फोटोत हवालदारानं काठीनं पट्टी जराशी उचलली होती. पट्टीखालीही कोंड्याचा तेवढाच थर दिसत होता, नुसता दबलेला.

हेडफोन डोक्यावर ठेवूनच तो खड्ड्यात उतरला असता, तर कोंडा पट्टीवर पडला असता. पट्टीखाली कसा जाईल?

मी पाणी प्यायले. त्याच्या डोक्यावर आधी कोंडा पडला आणि मग हेडफोन आला. म्हणजे हेडफोन त्यानं घातला नव्हता. तो त्याला कोणीतरी घातला होता, मेल्यावर.

४

योगराजचं घर मिलमागच्या गावात, बांधाला लागून. ओसरीत बाया बसल्या होत्या. सुमित्राबाई भिंतीला टेकून एकटीच पुटपुटत होती. गुंजन आतल्या दाराआड होती. तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. तिची पोरगी टीना तेवढी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

मी बसते न बसते तोच सुमित्राबाईनं सुरू केलं. "लिहून घ्या, मॅडम. दिवस झाले की हिले माहेरी धाडणार मी. पोरगी इथंच राहीन, माह्या पोराची निशाणी. हिचं तोंड नाही पाहाचं मले."

गुंजननं टीनाला छातीशी ओढलं. आता मला कळलं की हा नुसता शिव्याशापांचा मामला नाही. नवरा गेला, घर चाललं, आणि पोरगीही जाणार. हेडफोननं मारलं की नाही, यावर त्या बाईचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं.

"काऊन घेतला होता हेडफोन?" मी तिला विचारलं.

"त्याचे कान जाऊन राहिले होते, मॅडम. रात्री घुईं-घुईं वाजे म्हणे कानात. मिलमधी कापसाचे बोळे देत, त्यानं काही होत नोहतं. डॉक्टर म्हणाले, आवाजापासून जपा, नाही तर चाळिशीत बयरा होशीन. मग मी भाजीचे पैसे जमवले आन् गोंदियाले गेली."

"गाणे ऐकत नव्हता?"

"घरी आल्यावर. टीनासंगं."

तेवढ्यात फळीवर एक फोन वाजला. तिच्या बचत गटातल्या कोणा बाईनं केला होता. गुंजननं तो बंद करून परत ठेवला. निळ्या कव्हरचा, कोपरा फुटलेला. कव्हरवर पोरीनं योगराजचं नाव चिकटवलं होतं.

"हा कोणाचा फोन?"

"त्याचाच. घरात एकच हाय ना. पोरीचा अभ्यास येते यावर, माह्या गटाचं काम येते. तो कामावर कधी नेतच नोहता."

"आज?"

"आजबी इथंच होता. तो गेल्याचा फोन मले याच्यावरच आला, मॅडम."

मी उठले. फोन जर या फळीवर होता, तर खड्ड्यात हिंदी गाणं कोणतं भूत वाजवत होतं?

५

टिंकूचं मोबाइलचं दुकान गोंदियाच्या बाजारात. हेडफोन पाहताच त्यानं ओळखला.

"अरे, ये तो उस दीदी का है! गुंजनदीदी." मग माझी वर्दी पाहून तो मराठीवर आला. "काय झालं, मॅडम? खराब निघाला काय?"

मी सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला.

"अशी गिऱ्हाईक मी पाहिली नाही, मॅडम. लोक येतात, रंग पाहतात, घेऊन जातात. हिनं माझं डोकं पिकवलं. आधी म्हणाली, नवरा मशीनवर असतो, वायर नको, पट्ट्यात अडकली तर गळा आवळेल. मी कानात घालायचे छोटे दाखवले. ते नको म्हणे, धानात पडले तर चाळून थोडीच सापडणार! मोठ्या कंपनीचा दाखवला, तर म्हणाली तेवढ्यात माझ्या घराचं छत होते. सस्ते पण होते दोनशे-तीनशेवाले. ते तिनंच कानाला लावून परत केले. म्हणाली, भाऊ, हा नुसता गाणं मोठं करते, बाहेरचा गोंगाट तसाच राहते. असा आवाज चढवला तर कान आणखी जातील."

"मग हा कसा पटला?"

"यात बटण आहे, बाहेरची घरघर दाबणारं. फोन नसला तरी चालते, मॅडम. हेच तिला पाहिजे होतं. दुकानाबाहेर जनरेटर सुरू होता, त्याच्याजवळ उभी राहून तिनं तपासून पाहिला. गाद्या बदलून मिळतात का, तेही विचारलं. दोन हजाराच्या आत बसला. दुसऱ्या खेपेस नवऱ्याला घेऊन आली, त्याच्या डोक्याला बसवून पाहिला आणि मगच घेतला."

"फोन जवळ नसताना यात गाणं वाजेल?"

"कसं वाजेल? यात मेमरी कार्डच नाही."

"आणि गमछ्यावरून घातला तर?"

टिंकू जवळजवळ चिडला. "मग घेतला कायले? मी दोघांना नीट समजावलं होतं, गादी चामडीला टेकली पाहिजे, मध्ये कपडा आला की सगळा गोंगाट आत. तो हसून म्हणाला, मालूम आहे, आधी हेडफोन, वरून गमछा. तसाच घालत होता तो."

मी हेडफोन पिशवीत ठेवला. मिलमधला माणूस गमछा वरून बांधतो. ज्यानं मेलेल्या योगराजच्या डोक्यावर हा हेडफोन चढवला, त्याला हेच माहीत नव्हतं. आणि मंगरूला तर ते डोळे मिटूनही कळलं असतं. मग मंगरू कोणासाठी तुरुंगात जायला निघाला होता?

६

मंगरूला मी कोठडीत भेटले नाही. बाहेर कडुलिंबाखाली बसवलं आणि चहा दिला.

"मंगरू, हँडल तू वर नाही केलंस."

"मीच केलं."

"मग सांग. लाइन सुरू करण्याआधी तुम्ही आत कोणी आहे की नाही हे कसं पाहता? हूटर ऐकून?"

त्याला कडवट हसू आलं. "हूटर तो साहेब लोकायले दाखवासाठी हाय, मॅडम. खड्ड्यात माणसाले सोताचं बोलनं ऐकू येत नाही. बाजूची लाइन सुरू राहते."

"मग?"

"जो आत जाते तो आपला गमछा हँडलले बांधते. बापजाद्यापासून असंच हाय. ज्याचं सामान हँडलले, त्याचा जीव आत. आन् ज्यानं बांधलं त्यानंच सोडाचं. दुसऱ्यानं हात लावाचा नाही, मंग सेठ असो का सेठचा बाप. सेठजी स्वतः मशीनवर होते तेव्हा त्याह्यनंबी बांधला."

"पण योगराजचा गमछा तर डोक्यालाच होता."

मंगरूचा कप तोंडाशी थांबला.

"मंगरू, हँडलला काय टांगलं होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. मी बोलले. "त्या हँडलला ग्रीस असतं. हेडफोनच्या पट्टीला आतून ग्रीस आहे. हेडफोन हँडलला टांगला होता ना?"

बस्, एवढ्यावर त्याचा बांध फुटला. एवढा दांडगा माणूस, तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला.

"जेव्हापासून हेडफोन आला, तेव्हापासून तो तेच टांगे. म्हणे, आत जाताना हेडफोन काढावाच लागते, तो कोंड्यात खराब होते. मंग तोच टांगतो, गमछा कानाले राहू दे. आमाले सगळ्यायले माहीत होतं. मी जाम काढाले लोखंडी सब्बल आनाले वर्कशॉपमधी गेलो होतो, मॅडम. परत येतो तो… सेठजी नागऱ्याहून आले, मले बाजूले घेतलं. म्हणाले, तू आपल्यावर घे, चुकून झालं म्हण, हेडफोन होता म्हणून केस उभी राहनार नाही. माहं घर त्याहिच्या जागेवर हाय. माही बायको रामकलीबी तिथंच कामाले. मी… आमी भांडलो होतो, मॅडम, पण योगराज माहा भाऊ होता. आन् मी त्याचं नाव बुडू देल्लं."

"कोणी केलं वर हँडल?"

"मी पाहिलं नाही. पण एक सांगतो. मिलमधला कोनताच माणूस हँडलवरचं सामान काढनार नाही. हात जळून जाईन, पन काढनार नाही."

७

संध्याकाळी मी परत केबिनमध्ये गेले. सेठ आणि हिमांशू दोघेही होते. मी दार उघडंच ठेवलं, परत सुरू केलेल्या पहिल्या लाइनीचा आवाज आत येऊ दिला. आता त्यांनीही जरा ऐकावं.

"हिमांशू, गाणं कोणतं होतं, आठवलं का?"

"नाही, मॅडम."

"आठवणार कसं? योगराजचा फोन घरी फळीवर होता. या हेडफोनमध्ये फोनशिवाय गाणं वाजत नाही. तू ऐकलंस तरी काय?"

त्याचा चेहरा उतरला. सेठ म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा फोन असेल…"

"सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होते. चौकीदारानं आणि तिथल्या सगळ्या माणसांनी तसं सांगितलं. सेठजी, हिशेब अगदी सोपा आहे. हेडफोन योगराजच्या डोक्यावर नव्हता. पट्टीखाली कोंडा होता. तो मेल्यावर कोणीतरी चढवला. चढवणाऱ्यानं तो गमछ्यावरून चढवला, म्हणजे तो मशीनवरचा माणूस नाही. त्याआधी हेडफोन हँडलला टांगलेला होता, ग्रीस तिथलंच. मशीनवरचा कोणीही ते सामान काढणार नाही. तुम्हीही काढलं नसतं, कारण तुम्ही स्वतः गमछा बांधून त्या खड्ड्यात उतरलेले आहात. आणि तुम्ही होतात देवळात. मग केबिनमधला माणूस उरतो एकच. तोच सगळ्यात आधी पोचला, आणि तोच न वाजलेलं गाणं ऐकून आला."

हिमांशू हळूहळू खाली बसला, खुर्ची असूनही जमिनीवर.

"फाटकावर ट्रक उभे होते," तो म्हणाला. "ड्रायव्हर बोंबलत होते. मला वाटलं, काम झालं असेल. तिथं कोणीच नव्हतं. गमछ्याचं मला माहीत होतं, मॅडम, आईशप्पथ! पहिल्याच दिवशी मामांनी सांगितलं होतं. गमछा असता तर मी हात लावला नसता. पण हेडफोन… मला वाटलं, कोणीतरी विसरून गेलाय. मनात म्हटलं, चांगली वस्तू ग्रीसमध्ये टांगून ठेवतात, कदर नाही लोकांना. काढून गळ्यात अडकवला. हूटर दिला. मी हूटर दिला होता, मॅडम!"

"आणि मग?"

"मग ओरडा आला."

"मग तू धावत गेलास. गळ्यातला हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवलास."

तो रडत होता. माझ्या पोरापेक्षाही लहान. दया येत नव्हती असं नाही. हँडल वर करेपर्यंतची त्याची चूक मला समजत होती; घाईत, न कळून, कोणाच्याही हातून झाली असती.

"पोरा, चूक झाली तिथंच ओरडला असतास, तर मी तुझ्या पाठीवर हात ठेवला असता. पण तू मेलेल्या माणसाच्या डोक्यावर आपलं पाप ठेवलंस. आणि सेठजी, तुम्ही? तुम्हाला तर कानावर हेडफोन पाहताच कळलं असेल. तुम्ही एका गरिबाला कोठडीत पाठवलं आणि एका विधवेला घराबाहेर. सकाळीच महादेवाला पाणी घालून आला होतात ना?"

सेठ कपाळ पुसायला लागला. भस्म केव्हाच घामात गेलं होतं.

८

जबाब, सह्या, अटक, सगळं आटोपलं. मंगरूनं खोटं सांगितलं म्हणून त्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागेल, पण रात्री तो आपल्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी योगराजच्या घरी निघाले. रस्ताभर एक विचार माझा पिच्छा सोडत नव्हता. तो गुंजनच्या डोक्यात येऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

ओसरीत मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या घरांनाही ऐकू जाईल असं. योगराज नियमानं वागला. खूण लावून आत उतरला. कान बंद म्हणून मेला नाही. त्याच्या डोक्यावर हेडफोन नव्हताच. तो दुसऱ्यानं ठेवला. ज्या सुनेला तुम्ही शिव्या घातल्या, तिनं घेतलेला हेडफोनच तिथं टांगलेला होता, मी आत आहे, मला सांभाळा, असं सांगत.

एकीनं पदर डोळ्याला लावला. सुमित्राबाई भिंतीकडे पाहत राहिली.

गुंजन दारात उभी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलंच.

"मॅडम, हेडफोन घरात नोहता तेव्हा तो काय टांगे?"

"गमछा."

"आन् त्या पोराले गमछा ओळखू येत होता."

मी मान डोलावली.

"म्हणजे मी हेडफोन आणला नसता, तं तिथं गमछाच राहता. आन् तो आज…"

पुढचं तिला म्हणवलं नाही. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं जिभेवर येईना. एवढी तिखट जीभ, पण त्या बाईपुढे तिला एक शब्द सापडला नाही.

सुमित्राबाई भिंतीला धरून उठली. मला वाटलं, झालं, आता ही नव्यानं सुरू करेल. मी मध्ये पडायला पुढे झाले. ती माझ्या बाजूनं निघून गेली आणि सुनेसमोर उभी राहिली.

"चूप राय," ती म्हणाली. "एक शब्द नको बोलू असा. त्याले ऐकू येनं कमी झालं होतं, हे मले, त्याच्या मायले समजलं नाही. मी त्याले आवाज देऊ देऊ थकत होती आन् बयरा झाला का रे म्हणून हासत होती. तुले समजलं. तू त्याच्या कानाची काळजी केली. काळजी करनाऱ्याची चूक राहत नाही, बाई. ज्यानं दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली, त्याची चूक. आन् माही चूक. मी पोराच्या मरणाचं वैर तुह्यावर काढलं."

गुंजन नुसती उभी होती.

सुमित्राबाईनं तिचा हात धरला आणि तिला ओसरीत, सगळ्या बायांच्या मधोमध आणून बसवलं. मग स्वतः तिच्याजवळ खाली बसली आणि टीनाला हाक मारली.

"ये वं टीना, मायजवळ बस. तुही माय कुठंच जाऊन नाही राहिली."